उज्जैनची सही

सर आमच्या मागच्या खोलीत राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक होती, एक स्टोव्ह होता आणि बाकी सगळं गवत होतं. सुतळीनं बांधलेले गठ्ठे. हातगाडीवाला मला बोलला, "भिया, गाय किधर बाँधोगे?" मी बोललो, गाय नाही, प्रोफेसर आहे. तेही खोटंच. सर प्रोफेसर नव्हते, कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसर शिकवून निघून जाणार आणि हे मुलांना टेबलावर पानंफुलं चिरून दाखवणार. पण आमच्या गल्लीत चष्मा लावून कॉलेजात जाणारा सगळा प्रोफेसरच.

मी चौथी पास. घराच्या पुढच्या भागात माझं सायकलचं दुकान. गवतावर माणूस डॉक्टर होतो असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचं डोकं पंक्चरच्या घमेल्यात बुडवलं असतं. पण सर तेच करत होते. माळव्यातलं गवत, सगळं. कुठलं कुठं उगवतं, कधी फुलतं, कोणतं गाय खाते, कोणतं हुंगून सोडते. होळकर सरकारच्या वेळेला फौजेच्या घोड्यांसाठी कुरणं राखलेली असायची. इकडे त्याला बीड म्हणतात. महूच्या रस्त्याला होती, भंवरकुआंच्या पुढं होती, आज सुदामा नगरची घरं आहेत त्या अंगालाही गवतच गवत. सरांचे पणजोबा होळकरांच्या रिसाल्यात स्वार होते. सर म्हणायचे, "ते घोड्यावर होते, मालक, मी घोड्याच्या खाण्यावर आहे. घराणं असं पायरी पायरीनं उतरतं."

मला ते मालक म्हणायचे. हिला वहिनी.

ही म्हणजे माझी बायको. गेल्या उन्हाळ्यात गेली. तिच्याबद्दल वेगळं काही मी लिहिणार नाही, माझ्याच्यानं होणार नाही. पण सरांचं सांगायचं तर ती येणारच. कारण सरांना खोली मी दिली, घर तिनं दिलं.

गवत नुसतं तोडून आणून चालत नाही. ते कागदात पसरायचं, वर वजन ठेवायचं, चपटं होऊन वाळलं की जाड पुठ्ठ्यावर टाके घालून बसवायचं. एक दिवस दुकानातली ऐरण गायब. हिला विचारलं तर बोलली, "भाऊजींच्या गवतावर आहे."

"मग मी चाक कशावर ठोकू?"

"डोक्यावर ठोका. तेवढीच टणक जागा आहे घरात."

मग तिनंच तोड काढली. सरांचे कागद आमच्या गाद्यांखाली घातले. मला बोलली, रात्रभर तुमचं वजन फुकट जातं, कामाला लागू दे. बरीच वर्षं आम्ही गवतावर झोपलो. कूस बदलली की खालून करकर आवाज यायचा. पावसाळ्यात तर रोज कागद बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. संध्याकाळी ओसरीत बसून सर आणि ही जुनी वर्तमानपत्रं काढायची, कोरडी घालायची. हिला वाचायची भारी हौस. कुठल्या तरी खुनाच्या खटल्याची अर्धी बातमी ओल्या कागदावर, अर्धी सापडेना. "भाऊजी, त्यानं मारलं की नाही मारलं?" सर मान वर न करता म्हणायचे, "मारवेलच्या खाली बघा." मारवेल म्हणजे एक गवत.

बाहेरून आले की ही त्यांना उंबऱ्याशीच थांबवायची. "आधी पाय." कुसळी नावाचं गवत असतं, त्याचं बी काट्यासारखं कपड्यात घुसतं. सरांचे मोजे त्यानं भरलेले असायचे. स्टुलावर बसून ते एकेक उपटायचे, ही बाजूला परात धरून उभी. फेकायचं नाही. त्यातही त्यांना काहीतरी सापडायचं. कॉलेजात प्रिन्सिपॉलच्या मागं पुढं करणारे जे होते त्या सगळ्यांना सर कुसळी म्हणायचे. "दुसऱ्याच्या धोतराला चिकटून गाव बदलणारी जात."

लोक हसायचे त्यांना. घासवाले भिया म्हणायचे. भर बाजारात गायीसमोर उकिडवे बसून ती काय चघळते ते बघायचे. कॉलेजच्या माळ्याशी त्यांचं हाडवैर, का तर तो लॉन कापतो. कापलेल्या गवतावर सर कधी बसले नाहीत. "मुंडकं छाटलेल्या माणसाच्या मांडीवर बसाल का?" असं मला एकदा विचारलं. मी बोललो, सर, मी कुणाच्याच मांडीवर बसत नाही.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं की गवत तुम्ही आणता, वाळवता तुम्ही, नावं तुम्हाला पाठ. मग मधे ही युनिव्हर्सिटी कशाला? त्या वेळी त्यांचं नाव लांब यू.पी.तल्या एका युनिव्हर्सिटीत लावलेलं होतं, आमच्या इकडची कॉलेजं तेव्हा तिकडेच जोडलेली होती. तिथले एक म्हातारे गाइड त्यांना पत्रातून काय हवं नको ते सांगायचे.

सर दुकानातल्या एका सायकलकडे बोट दाखवून बोलले, "हिला म्युनिसिपालटीचा बिल्ला का लावता?"

"नाही लावला तर शिपाई धरतो."

"बिल्ल्यानं सायकल चालते?"

"पायानं चालते."

"मग झालं. माझंही पायानंच चालतं. पण शिपाई सगळीकडे उभा आहे, मालक."

तो शिपाई मी नंतर डोळ्यांनी पाहिला. महूला फौजेची छावणी. तिथल्या चांदमारीच्या, म्हणजे गोळीबार शिकायच्या, मैदानात सर एकदा पोटावर सरपटत काहीतरी शोधत होते. जवानांनी पकडलं. सर मग घरी येऊन नक्कल करून दाखवायचे. "कौन हो?" "शोधकर्ता हूँ." "कहाँ के?" "इंदौर का." "इंदौर के तो कुत्ते भी हैं. किसके हो, वो बोलो." सरांनी खिशातून युनिव्हर्सिटीच्या शिक्क्याचं पत्र काढलं. जवानानं ते साहेबाकडे नेलं. साहेबानं चहा पाजला आणि दोन जवान बरोबर दिले गवत उपटायला. ही हसून हसून बेजार. मीही हसलो. त्या कागदाचं वजन किती ते तेव्हा कळलं नाही.

आता मुख्य गोष्ट. हिचं माहेर उज्जैन. उज्जैन म्हणजे जुनं शिंदे सरकारचं गाव, आणि इंदूर होळकरांचं. बाहेरच्यांना यात काय समजणार? त्यांनी कधी काळी इंदूर लुटलं, आम्ही उज्जैन लुटलं. ज्यांनी लुटलं ते मातीला मिळाले. राज्यं गेली. पण आमच्या लोकांच्या जिभेवर ते तसंच. माझ्या लग्नात माझ्या आत्यानं वरातीत विचारलं होतं, "पोरगी शिंदेशाहीतली, टिकेल का?" टिकली. मलाच टिकवून गेली.

सरांना ही गोष्ट फार आवडायची. जेवायला बसले की पहिला घास हातात धरून म्हणायचे, "शत्रूच्या छावणीतलं अन्न. देवा, सांभाळ." ही वाढता वाढता म्हणायची, "विष कालच्या आमटीत घातलं होतं, भाऊजी, आज उरलं नाही." उज्जैनचं नाव ते घ्यायचेच नाहीत. "तिकडे" म्हणायचे. वहिनी तिकडे गेल्यात का? तिकडे पाऊस झाला म्हणतात. सगळी थट्टा होती. निदान मला तरी वाटायचं थट्टा आहे.

मग मध्य प्रदेश झाला आणि उज्जैनला नवी युनिव्हर्सिटी निघाली. इंदूरची सगळी कॉलेजं यू.पी.तून काढून तिला जोडली. बसल्या खुर्चीत माणसं एका युनिव्हर्सिटीतून दुसरीत गेली. ज्यांचं शोधाचं काम अर्ध्यात होतं त्यांनी एका कागदावर सही करायची की आम्हाला उज्जैनला घ्या. झालं. काम तेच, कॉलेज तेच, खुर्ची तीच. ज्याला सही करायची नाही त्याला काही वर्षं मुदत, तेवढ्यात यू.पी.तच पुरं करा.

एकेकानं सही केली. सरांनी नाही केली.

कॉलेजातले एक सहकारी घरी आले समजवायला. मालवी माणूस, बिचारा साधा. "अरे यार, सही तो करनी है, कोई शादी थोड़ी है." सर म्हणाले, माझे पणजोबा ज्यांच्या तोफेनं मेले त्यांच्या गावचा शिक्का मी माझ्या नावावर घेऊ? तो बोलला, "भैयाजी, युनिव्हर्सिटी में तोप नहीं है, मैं देख के आया." सर हसले नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ही थट्टा नाही.

"इंदूरला स्वतःची होईल," ते म्हणायचे. "होळकरांचं गाव असं दुसऱ्याच्या दारात फार दिवस बसत नाही. मी थांबेन."

ही चिडली. ती सहसा चिडायची नाही. त्या दिवशी परातीतली कणीक तशीच ठेवून बाहेर आली, हात कणकेनं भरलेले.

"भाऊजी, मी बोलू का?"

"बोला की."

"लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आईनं ठेवलेलं नाव त्या दिवशी गेलं. मला कुणी सही मागितली? मी उज्जैनची इंदूरची झाले. पोळी अजून माझ्या आईसारखीच लाटते. तुमचं गवत काय एका सहीनं बदलणार आहे?"

सर बोलले, "वहिनी, तुम्हाला इलाज नव्हता."

"आणि तुम्हाला आहे, म्हणून एवढा माज."

असं ती बोलली. सर जेवले नाहीत त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी जेवले. पण घास हातात धरून काही म्हणाले नाहीत, आणि परत कधीच म्हणाले नाहीत.

मला विचाराल तर चूक त्यांचीच. मी गुळमुळीत बोलणार नाही. युनिव्हर्सिटीनं काही त्यांचं गवत जाळलं नव्हतं. पण त्यांच्या जागी माझा बाप असता तर त्यानंही तेच केलं असतं, काकानंही, आणि शेजारचे रिटायर्ड सुभेदार होते त्यांनीही. आमच्यासारख्यांच्या घरात घोडा नाही, तलवार नाही, जमीन नाही. उरलंय काय, तर कुणाला नाही म्हणायचं तेवढं. ते आम्ही जपून ठेवतो आणि नेमक्या चुकीच्या जागी वापरतो.

यू.पी.तले म्हातारे गाइड वारले. तिथून पत्र आलं की दुसरे कुणी गवत बघणारे आमच्याकडे नाहीत. मग मुदतही संपली. तेव्हापासून सर कुठलेच नव्हते. कॉलेजात नोकरी होती, पण ती टेबल मांडायची. लायब्ररीत ज्या खोलीत शोधवाले बसतात तिथं त्यांना बसू देईनात. ते बाहेरच्या बाकावर, मुलांमधे बसायचे. आणि महूला परत पकडले गेले. जुनं पत्र दाखवलं. या खेपेला साहेब शहाणा होता, तारीख वाचली. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. मी गेलो सोडवायला, सायकलवरून. तिथला हवालदार मला विचारतो, "ये आदमी आपका है?" मी बोललो, हो, माझा आहे. "तो संभाल के रखो." येताना सरांनी मधे एका ठिकाणी उतरून कसलंसं गवत तोडलं, बघितलं आणि टाकून दिलं. त्यांनी गवत टाकून दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि एवढं सगळं झाल्यावर, खरंच, इंदूरला स्वतःची युनिव्हर्सिटी झाली.

सरांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता. हिला म्हणाले, "काय वहिनी? थांबलो की नाही?" ट्रंकेतून पणजोबांची होळकरी पगडी काढली. कोट काढला, त्याला कसर लागलेली, हिनं रफू करून दिला. असे सर, पगडी घालून, माझ्या दुकानातली सगळ्यात बरी सायकल घेऊन गेले. गल्लीतली पोरं मागून ओरडत होती, बारात कहाँ है, बारात कहाँ है. हिनं शिरा करून ठेवला.

परत आले ते सायकल हातात धरून, चालत. पगडी हँडलला लटकवलेली.

तिथं एक बाबू बसला होता. वाईट नव्हता म्हणे. त्यानं विचारलं, "आप कहाँ से ट्रांसफर हो रहे हैं?"

सर म्हणाले, "कहीं से नहीं. मैं तो यहीं था."

बाबू म्हणाला, "यहाँ तो कोई नहीं था, साहब. सब उज्जैन में थे."

उज्जैनला ज्यांची नावं होती ती सगळी आपोआप इंदूरला आली. ज्यांनी सही केली ते घरी परतले. जो घर सोडून कुठं गेलाच नाही त्याला घरात घ्यायची सोय नव्हती. नव्यानं नाव लावा म्हणाले. लावतो, सर म्हणाले. तर बाबूनं नियम दाखवला की काम नाव लागल्यानंतरचं पाहिजे. आधी गोळा केलेलं धरणार नाही. "घास ही तो है, साहब. दुबारा ले आइए."

दुसऱ्याच सकाळी सर मला घेऊन बीडात गेले. महूच्या रस्त्याचं निम्मं नांगरलेलं होतं. दुसरीकडे चुन्याच्या रेषा मारलेल्या, खुंट्या ठोकलेल्या, एक माणूस फीत घेऊन फिरत होता. तो आम्हाला गिऱ्हाईक समजला. "आइए, आइए, कोने का प्लॉट दिखाऊँ?" सर खाली बसले आणि चुन्यावरून हात फिरवत राहिले. बोलले, "मालक, इथं एक होतं. दुसरीकडे कुठं मला नाही मिळालं. ते आता फक्त तुमच्या गादीखाली आहे."

घरी येऊन मी हे हिला सांगितलं. ही सरळ सरांना बोलली, "उद्या उज्जैनला जायचं. तिथं नाव लागलं की ते आपोआप इकडे येतं ना. तुम्ही, मी आणि हे. डबा मी घेते." सर नाही म्हणाले नाहीत. एवढी वर्षं नाही म्हणणारा माणूस, खाली मान घालून बसमधे बसला. मांडीवर पुठ्ठे.

तिथले विभागाचे साहेब मराठी निघाले. हिच्या माहेरची गल्ली त्यांना ठाऊक होती. त्यांनी पुठ्ठे एकेक करून बघितले, भिंगातून. चहा गार झाला त्यांचा. मग चष्मा काढून बोलले, "अहो, तुम्ही होतात कुठं? तुमचं नाव आमच्याकडे आलं होतं. फक्त सही नव्हती. मी दोनदा निरोप पाठवला."

सर म्हणाले, "मिळाला होता."

"मग?"

सर काय सांगणार? तोफेचं सांगणार? त्या खोलीत खिडकीतून ऊन येत होतं, टेबलावर बोराची परडी होती, कुणीतरी बाहेर झाडाला पाणी घालत होतं. शत्रू कुठंच दिसत नव्हता.

"आता माझ्या हातात नाही," साहेब बोलले. "इंदूर आता आमच्या हद्दीत येत नाही. तुमची स्वतःची युनिव्हर्सिटी झाली ना."

ही पुढं सरकली. पदर सावरून बोलली, "साहेब, मी उज्जैनची आहे. माझ्या नावावर घ्या त्यांना."

साहेबांना हसू आलं, पण तोंड वाईट झालं त्यांचं. "ताई, तसं होत नसतं."

"का? मी नाही का त्यांच्याकडे गेले? एक माणूस इकडून तिकडे गेलं, एक तिकडून इकडे येऊ द्या."

सर उठले. बोलले, "चला, वहिनी." बसमधे मात्र तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "तुमचं गाव चांगलं आहे." ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. मी मधे बसलो होतो. दोघांच्या मधे बसलेल्या माणसानं काय करायचं असतं ते मला अजून माहीत नाही.

इथं थांबलं असतं तरी चाललं असतं. पण कॉलेजलाही बिल्ला लागतो हे मला पुढं कळलं. नव्या युनिव्हर्सिटीची कमिटी कॉलेज बघायला येणार होती. विभागात शोधाचं काम चालतं हे त्यांना दाखवायला लागायचं, तर मंजुरी. आणि विभागात काय होतं? एक मेलेला बेडूक बाटलीत, तोही दुसऱ्या विभागाचा. प्रिन्सिपॉलनं सरांना बोलावून घेतलं. तुमचं गवत मांडा.

सरांनी माझा ठेला मागितला, दुकानाची हातगाडी. ही बोलली, "देऊ नका."

"वहिनी, मोठी माणसं येणार आहेत. बघतील. बघितलं की विचारतील, हे कुणाचं."

"आणि विचारलं की?"

"विचारू तर द्या."

मग तिनं गाद्या उचलल्या. एकेक पुठ्ठा पदरानं पुसून माझ्या हातात दिला. आम्ही ठेल्यावर चादर घातली, त्यावर सगळं रचलं, वर दुसरी चादर. मी ढकलत होतो आणि सर बाजूनं, एक हात वर ठेवून. आजारी माणसाला नेतात तसं.

मोठ्या खोलीत टेबलं जोडून सगळं मांडलं. मी व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. कमिटीत तिघं होते. दोघं घड्याळ बघणारे. तिसरा म्हातारा, तो टेबलाशी वाकला तो वाकलाच. एक संपलं की दुसरं. मधेच मोठ्यानं बोलला, "ये काम किसका है?"

सरांनी पाऊल पुढं टाकलं. मी पाहिलं ना.

प्रिन्सिपॉल बोलले, "हमारे विभाग का है, सर."

"हाँ, पर किया किसने है? किसके नाम पर चल रहा है?"

नावावर कुणाच्याच चालत नव्हतं. प्रिन्सिपॉलनं सरांकडे बघितलं. त्यांना ते ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं, आणि व्हरांड्यातल्या सायकलवाल्यालाही ठाऊक होतं. म्हातारा आता सरांकडे बघायला लागला. "आप?"

सर म्हणाले, "जी, मैं डेमॉन्स्ट्रेटर हूँ. विभाग का ही है."

मी परत येताना विचारलं, तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती का? बोलले, "मी म्हणालो असतो की माझं, तर त्यानं पुढं विचारलं असतं, तुम्ही कुठले. मालक, तेवढ्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही."

ठेला रिकामाच परत आणला. कमिटीनं फार चांगलं लिहिलं होतं, म्हणून प्रिन्सिपॉल बोलले की हे आता कॉलेजातच राहील. काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, आणि किल्ली विभागप्रमुखाकडे. त्यानंतर आमच्या गाद्या सरळ झाल्या. हिला किती तरी दिवस झोप लागत नव्हती, करकर ऐकू येत नाही म्हणून.

सर त्यानंतर रिटायर होईपर्यंत आमच्याकडेच राहिले, मग देवासला भाचीकडे गेले आणि तिथंच संपले. गवत परत आणलं नाही त्यांनी. संध्याकाळी ओसरीत बसायचे. ही नुसतंच वर्तमानपत्र वाचून दाखवायची, आता सगळ्या बातम्या पुऱ्या असायच्या. त्या कपाटाचं पुढं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. मला कोण सांगणार, आणि मी कुठला म्हणून विचारू?

पण एक दिवस राहिला सांगायचा. कमिटी येऊन गेली त्यानंतर थोड्या दिवसांनी कॉलेजला मंजुरी आली. सगळ्या स्टाफला पेढे वाटले. सर आपल्या वाट्याचा पुडा घेऊन घरी आले. ही चुलीशी होती, मी हात धूत होतो. सरांनी पुडा पाटावर ठेवला.

"वहिनी, पेढे."

"कसले?"

"कॉलेज पास झालं."

तिनं पुड्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि पोळी तव्यावर जळू दिली. तिच्या हातून पोळी जळलेली मी जन्मात तेवढीच पाहिली. मग बोलली, "माझ्या घरात नाही चालायचं हे. गायीला घाला."

"घ्या हो," सर म्हणाले. अगदी हळू. "आपल्याच गवताचे आहेत."

तिनं घेतला. तोंडात ठेवला आणि पदर तोंडाला लावून मागच्या अंगणात निघून गेली. सरांनी आपला खाल्ला. एक माझ्यापुढं केला. मी ओल्या हातानंच घेतला.

माव्याचा होता, ताजा, वेलची घातलेली. चांगला होता. त्याचाच राग मला अजून येतो.